तीन शाळांचं मैदान

कामठी
२१ जून २०२०

प्रिय धम्मदीपा,

जय भीम.

फोनवर आपण दोघं गप्प बसतो. मी हॅलो म्हणतो, तू "हं बाबा" म्हणतेस, मग फोन नुसता चालू राहतो. आई तर फोनजवळ येतच नाही. म्हणते, त्यात सुमितचा आवाज होता. म्हणून लिहितो. परदेशी टपाल बंद आहे. शेजारचा विश्वास या कागदाचे फोटो काढून तुला पाठवील. तो म्हणाला, "मास्तर, टाइप करून देतो ना." मी म्हटलं, सुनेला पत्र लिहितोय, रजेचा अर्ज नाही.

सुमितला जाऊन दोन महिने झाले. तिकडचा अंत्यविधी आम्ही विश्वासच्या फोनवर पाहिला. पेटी दारातून आत सरकायला लागली आणि चित्र अडकलं. विश्वास फोन हलवत राहिला. चित्र पुढे गेलं नाही. माझ्यासाठी सुमित अजून त्या दारात आहे.

अस्थी मे महिन्यात मिळाल्या असं तू म्हणालीस. त्या घेऊन ये. माझ्या नातीला, निशूलाही आण. आईने ठरवलं आहे की अस्थी आल्याशिवाय पुण्यानुमोदन करायचं नाही. भन्तेजींनी समजावून पाहिलं, कार्यक्रम अस्थींवाचूनही होतो. ती म्हणाली, "होत असंल. माह्या पोराचा नाही होत." तिने पिंपळाचं रोप डब्यात लावलं आहे. ते अंगणात उतरवायचं आणि अस्थी त्याच्या मुळाशी ठेवायच्या, असं तिच्या मनात आहे.

विमानं कधी सुरू होतील ते कळव. निशू खेळते का?

तुझे
बाबा


नीउ-व्हेनेप
१२ जुलै २०२०

आदरणीय बाबा,

जय भीम.

तुमचं अक्षर फोनवर मोठं करून वाचलं. विश्वासभाऊंचा अंगठा दुसऱ्या पानावर आला आहे, त्याखालची ओळ कळली नाही.

नेहमीची विमानं बंद आहेत. सरकार सोडतं त्यात अडकलेल्यांना आधी जागा देतात. तिकडे उतरल्यावर निशूला चौदा दिवस कुठेतरी कोंडून ठेवतील. मला ते जमणार नाही. अस्थी धातूच्या डब्यात आहेत. डबा सुमितच्या कपाटात, शर्टांच्या खाली. मी तो उघडलेला नाही.

हूफडॉर्पचं ऑफिस बंद आहे, घरून काम करते. आमच्या छपरावरून शिफोल विमानतळाची विमानं जायची तेव्हा बोलणं थांबवावं लागायचं. आता थांबावं लागत नाही आणि बोलणंही होत नाही.

निशू खेळते. कालव्याच्या पलीकडे इथल्या तीन शाळांचं मिळून एक फुटबॉलचं मैदान आहे. एका बाजूला लाकडी बाकांचा जुना स्टँड. इथे मुलांच्या सामन्यात सगळी कामं पालक करतात. कोणी पंच होतं, कोणी कँटीनमध्ये कॉफी देतं, कोणी कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन उभं राहतं. सुमितने पहिल्या वर्षी झेंडा घेतला आणि परत दुसऱ्या कोणाला दिला नाही. दर शनिवारी तो त्या रेषेवर असायचा. निशू उजव्या बाजूने खेळते, त्यामुळे अर्धा वेळ ती त्याच्या अगदी समोरून धावायची.

मैदान मार्चपासून बंद होतं. आता सराव सुरू झाला आहे. पालकांना फाटकाच्या आत सोडत नाहीत. मी कुंपणाबाहेर सायकल धरून उभी राहते.

निशू घरी मराठी बोलत नाही. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते. मराठी ती फक्त त्याच्याशी बोलायची, हे मला आत्ता कळतंय.

आईंना सांगा, मी आणीन.

धम्मदीपा


कामठी
३० ऑगस्ट २०२०

प्रिय धम्मदीपा,

जय भीम.

आईला पत्र वाचून दाखवलं. झेंड्याचं ऐकून ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग मला म्हणाली, "तुमीच त्याले लाइनीच्या बाहेर उभं करून ठेवलं. सात समुद्रापार गेला तरी लाइनीच्या बाहेरच."

तुला त्याने सांगितलं नसेल. पी.टी. मास्तरचा पोरगा, पण त्याला धावता येत नसे. दम लागायचा. मुलं हसायची. तेव्हा मी त्याच्या हातात झेंडा दिला आणि नियम शिकवले. त्याचं लक्ष मात्र पक्कं होतं. माझ्या शिट्टीआधी त्याचा झेंडा वर जायचा.

त्या मैदानाची माहिती काढ. मी चाळीस वर्षं मुलांना मैदानावर नेलं, पण नव्या मैदानावर आधी विचारायचो, हे कोणाचं होतं, इथे पहिल्यांदा कोण खेळलं, कोणाला खेळू दिलं नाही. माझा मुलगा जिथे उभा राहायचा ती जागा मी पाहिलेली नाही. निदान ऐकू दे.

आणि अस्थींचं बघ.

बाबा


नीउ-व्हेनेप
११ ऑक्टोबर २०२०

आदरणीय बाबा,

जय भीम.

मी मैदानाच्या आत गेले. सामने सुरू झाले, पण प्रेक्षकांना बंदी आहे. पालकही प्रेक्षकच. आत फक्त खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि झेंडेवाले. मी झेंडा मागितला. "येतं का?" असं विचारलं नाही कोणी. सुमितचा होता तो काढून दिला.

मैदान राखणारा म्हातारा आहे, आरी नावाचा. ब्याऐंशीचा आहे. बाकीच्या म्हाताऱ्यांना घरात बसवलंय, हा ऐकत नाही. तुमचे प्रश्न मी त्याला विचारले. त्याने सांगितलं ते असं.

इथे पूर्वी सरोवर होतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी पंपांनी उपसून जमीन केली. आपण तळावर राहतो. मैदान खणलं तर अजून शिंपले निघतात. शंभर वर्षांमागे एका शेतकऱ्याने हा तुकडा गावच्या तीन शाळांना मिळून दिला. एक कॅथलिकांची शाळा, एक प्रोटेस्टंटांची, एक सरकारी. तिघांनी मिळून स्टँड बांधला आणि लगेच त्यात उभ्या फळ्या ठोकून तीन भाग केले. मुलांनी एकत्र बसायचं नाही. खेळायचे वार वेगळे. आरी म्हणतो, कॅथलिक दुकानातून पाव आणला म्हणून त्याच्या आजीने तो कोंबड्यांना घातला होता.

मग दुसऱ्या महायुद्धाचा शेवटचा हिवाळा आला. अन्न नव्हतं, कोळसा नव्हता. लोक हातगाड्या घेऊन आले आणि स्टँड तोडून नेला. आधी मधल्या फळ्या, मग बाकं. आरी सहा वर्षांचा होता. त्यांच्या वाट्याला आलेली फळी कॅथलिकांच्या बाजूची होती. तो म्हणतो, "इतकी छान जळली!"

लढाई संपल्यावर शाळांनी नवा स्टँड बांधला. मधल्या फळ्या पुन्हा ठोकायच्या होत्या. पण आधी त्या नेमक्या कुठे होत्या यावर एकमत होईना. तीन सभा झाल्या. शेवटी राहूनच गेल्या.

एवढा इतिहास आहे. आता दुसरं सांगते. तुम्ही रागवाल.

शनिवारी सामना चालू असताना माझ्या मागे बाकं वाजली. थंडीत लोक पाय आपटतात तशी. मी वळून पाहिलं. स्टँड रिकामा होता. आरीला विचारलं तर म्हणाला, "हो, रिकामा असला की वाजतो."

आणि निशू. मला ऑफसाइड कळत नाही. मी झेंडा चुकीचा वर करते, किंवा करतच नाही. पण निशू बरोबर वेळी थांबते. ती माझ्याकडे बघत नाही, बाबा. माझ्या खांद्याच्या मागे बघते आणि थांबते.

धम्मदीपा


कामठी
२२ नोव्हेंबर २०२०

प्रिय धम्मदीपा,

जय भीम.

पंगती तिथेही वेगळ्या होत्या तर. आणि मोडायला उपासमार यावी लागली. मी हे विश्वासला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मास्तर, आपल्याकडे उपासमारीनंही नाही मोडल्या." त्याला चहा पाजला.

लाकूड वाजतं. दिवसा तापतं, थंडीत आकसतं, मोकळं असलं की जास्त. पूर्वी विमानांच्या आवाजात तुला ऐकू येत नव्हतं, आता येतं. इतकंच आहे.

ऑफसाइड असं. चेंडू पायातून सुटतो त्या क्षणी समोरच्या संघाचा शेवटून दुसरा माणूस कुठे आहे ते बघायचं. आपला खेळाडू त्याच्या पलीकडे असेल तर झेंडा. चेंडूकडे बघायचं नाही. माणसाकडे बघायचं. तू झेंडा घेऊन त्या माणसाच्या रेषेतच असायला हवंस. तू बहुतेक एक पाऊल पुढे उभी राहतेस, आणि तो माणूस तुझ्या खांद्याच्या मागे येतो. निशू त्याच्याकडे बघते. चांगला खेळाडू तेच करतो.

आपण आत्मा मानत नाही, धम्मदीपा. माझ्या बापाने ते सोडलं, मी सोडलं, सुमितला मी दुसरं काही शिकवलं नाही. दिवा विझला की ज्योत कुठे गेली असं विचारत नाहीत. निशूला याच्यात ओढू नकोस.

आई रोपाला पाणी घालते. बाकी विशेष काही करत नाही.

बाबा


नीउ-व्हेनेप
१४ फेब्रुवारी २०२१

आदरणीय बाबा,

जय भीम.

एक पाऊल मागे उभी राहून पाहिलं. आता तो बचाव करणारा माणूस माझ्या रेषेत असतो. निशू अजून माझ्या मागेच बघते.

डिसेंबरपासून पुन्हा सगळं बंद. सामने नाहीत, मुलांचा सराव तेवढा आहे. गेल्या आठवड्यात बर्फ पडला. मैदान पांढरं झालं, सगळ्या रेषा गेल्या. सकाळी खिडकीतून पाहिलं तर कडेच्या रेषेवर एक लांब पट्टी काळी होती. मधल्या रेषेपासून कोपऱ्यापर्यंत. सुमित झेंडा घेऊन ये-जा करायचा तेवढीच. आरी म्हणाला, तिथली माती तुडवून दगड झाली आहे, गवताचं बी घेत नाही, पाणी साचतं, बर्फ वितळतो. तुम्हीही तेच सांगाल. मी मानते. मी फक्त पाहिलं ते लिहिते.

एक विचारू का? रागाने नाही. ज्योत विझते आणि कुठे जात नाही, तर अस्थी कशाला हव्यात? तो डबा मी कपाटात ठेवू, कालव्यात सोडू, कामठीला आणू, त्याला काय फरक पडतो?

तरी मी तिकीट काढलं आहे. एक मे. निशूची तेव्हा सुट्टी आहे.

धम्मदीपा


कामठी
२८ मार्च २०२१

प्रिय धम्मदीपा,

जय भीम.

तुझा प्रश्न बरोबर आहे. त्याला फरक पडत नाही. आईला पडतो. मलाही. चित्र अडकलं ते मला पुढे न्यायचं आहे.

एक मेची बातमी सांगितल्यावर आई उठली आणि घर झाडायला लागली. विश्वासच्या बायकोला म्हणाली, "माही नात येते. तिले इकडचं बोलता नाही आलं त मी तिकडचं शिकीन." गादीला ऊन दाखवलं. मला बाजारात पिटाळलं, निशूला आवडतात म्हणून शेवया आणायला. निशूला शेवया आवडत होत्या तेव्हा ती चार वर्षांची होती, हे मी बोललो नाही.

इकडे तापाची साथ पुन्हा वाढते आहे. पण तुम्ही याल तोवर उतरेल.

बाबा


नीउ-व्हेनेप
२७ एप्रिल २०२१

बाबा,

जय भीम.

इथल्या सरकारने भारतातली विमानं थांबवली. आमचं तिकीट रद्द झालं. टीव्हीवर नागपूर दाखवलं. मी बंद केला. तुम्ही फोन उचलत नाही. विश्वासभाऊ म्हणतात, सगळं ठीक आहे, नेटवर्क नाही. मुंबईला भावाला, अरुणदादाला फोन केला तर तो म्हणाला, "ठीकच असतील, तू काळजी करू नकोस," आणि लगेच ठेवला.

दोन ओळी लिहा. आई कशा आहेत?

धम्मदीपा


कामठी
१३ जून २०२१

प्रिय धम्मदीपा,

जय भीम.

उशीर झाला. मला ताप होता, आता नाही. अशक्तपणा आहे.

आईला आता अस्थींची घाई राहिलेली नाही. तू दगदग करू नकोस. निशूला घेऊन या दिवसांत प्रवास नको. तिचं शाळेचं, खेळाचं बघ.

पिंपळाचं रोप मोठं झालं. डबा फुटला. अंगणात उतरवलं.

बाबा


नीउ-व्हेनेप
२९ ऑगस्ट २०२१

आदरणीय बाबा,

जय भीम.

तुमचं जूनचं पत्र मी पर्समध्ये ठेवलं होतं. ती ओळ पुन्हापुन्हा वाचत होते. आईंनी मला मोकळं केलं असं वाटलं. वर्षभर तो डबा कपाटातून माझ्याकडे बघत होता. शेवटी मला वाटलं, त्यांनाही कळलं असेल की सुमित आता इथला झाला. तुम्ही लिहिलं, निशूचं बघ. मी निशूचं बघितलं.

उन्हाळ्यात मैदान बंद ठेवून गवत नवं करतात. आरीने कडेच्या रेषेबाहेरची ती दगड झालेली पट्टी खणायला घेतली. सुमितला तिथे ठेवू का, मी त्याला विचारलं. त्याने शाळांच्या मंडळाला विचारलं. मंडळात तिन्ही शाळांचे लोक आहेत. एकाने विचारलं म्हणे, "हे कोणत्या धर्माचे?" आरीने सांगितलं, "झेंडेवाले." मग परवानगी दिली.

रविवारी सकाळी आम्ही तिघंच होतो. मी त्रिशरण म्हटलं. निशू म्हणाली नाही, पण हात जोडले. डबा मी पहिल्यांदा उघडला. राख नव्हती तितकी, भरड होतं. वाळूसारखं. मातीत शिंपल्याचे तुकडे होते, पांढरे. ओतल्यावर काय शिंपल्यांचं आणि काय त्याचं, ते ओळखता येईना. आरीने वरून माती ओढली, बी टाकलं.

आता तिथे गवत आलं आहे. पातळ, पण आलं आहे. पालकांनाही आत सोडतात. काल स्टँड भरला होता. कोणी ओरडत होतं, कोणी कॉफी सांडली. बाकं वाजली तर मी वळून पाहिलं नाही.

आईंना सांगा की मी त्यांची ऋणी आहे. आता तरी त्यांनी पुण्यानुमोदन करावं. आम्ही इथून फोनवर बसू.

धम्मदीपा


कामठी
३ ऑक्टोबर २०२१

प्रिय धम्मदीपा,

जय भीम.

आई दोन मे रोजी गेली. कामठीत बेड नव्हता. विश्वासच्या गाडीत नागपूरला नेताना रस्त्यातच गेली. मीही तापात होतो. मला खांदा देता आला नाही.

ताप आला तेव्हापासूनच तुला काही कळवू नका असं मी सगळ्यांना सांगितलं. विश्वासला, तुझ्या अरुणदादालाही. तू निघाली असतीस. विमान मिळालं नसतं तर दुबईवरून, कुठूनही निघाली असतीस, पोरीला घेऊन. त्या महिन्यात इकडे माणसं अशी जात होती की मला अजून दोघी द्यायच्या नव्हत्या.

मग जूनमध्ये पत्र लिहायला बसलो. खोटं लिहायचं नव्हतं. खरं लिहवेना. घाई राहिलेली नाही, असं लिहिलं. मेलेल्या माणसाला घाई नसते. तू ते वेगळं वाचलंस. मी तसंच लिहिलं होतं.

तिच्या अस्थी मडक्यात आहेत. तोंड फडक्याने बांधून शेवयांच्या डब्याशेजारी ठेवलं आहे. जाण्याच्या दोन दिवस आधी म्हणाली, "मले एकटीले नका पुरू. तो येईस्तोवर थांबा." मी हो म्हटलं. पिंपळाजवळ दोघांच्या मापाचा खड्डा काढला. वर फळी टाकून ठेवली आहे.

अजून एक आहे, ते कोणाला सांगितलेलं नाही. सकाळी मी चहा ठेवतो. आधण येतं तेव्हा ती मागच्या दारातून विचारते, "आला का जी सुमित?" मी उत्तर देत नाही. आपण आत्मा मानत नाही. मी आजही मानत नाही. पण ऐकू येतं. भांडं वाजत असेल, दार वाजत असेल, असं मी तुला लिहिलं असतं.

तुझी चूक नाही.

यादवराव


नीउ-व्हेनेप
५ डिसेंबर २०२१

बाबा,

तुमचं पत्र आलं त्यावर मला दोन महिने काही लिहिता आलं नाही.

तुम्ही माझ्यावर रागवायला हवं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी प्रेक्षकांना पुन्हा बंदी झाली. स्टँड रिकामा झाला. मी आरीकडे गेले. म्हटलं, सुमितचं ते परत काढायचं आहे, निशूची आजी वाट बघते आहे. आजी नाही, हेही सांगितलं. त्याने टोपी काढून हातात धरली. म्हणाला, जमीन गोठायच्या आत करू. सगळं मिळणार नाही. मिळेल ते माती-शिंपल्यांसकट एका डब्यात भरून देतो. तुम्हाला चालेल ना, विचार म्हणाला. मी म्हटलं, चालेल.

काल शनिवार. सामना संपल्यावर मुली कपडे बदलायला गेल्या. आरीने हातगाडीतून फावडं काढलं आणि गवताचा पहिला चौकोन कापला. निशू कधी बाहेर आली ते कळलं नाही. बूट पायातच होते. ती येऊन त्या चौकोनावर उभी राहिली.

मी समजावलं. आजी एकटी आहे, म्हटलं. तिने ऐकलं. हलली नाही. मी हात धरून ओढलं. बूट मातीत रुतवून उभी. आरीने तिला तिच्या भाषेत काहीतरी हळू सांगितलं. तिने मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, माझ्या मागे बघत बोलली. मराठीत.

"नको आई. त्याला पळता येत नाही."

हे तिला कोणी सांगितलं? मी सांगितलं नव्हतं. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही. सुमितने सांगितलं असेल. कधीतरी सांगितलं असेलच ना?

आरीने गवताचा चौकोन पुन्हा बसवला आणि पायाने दाबला. निशूने घरी आल्यावर डचमध्ये पाणी मागितलं.

बाबा, निर्णय तुम्ही करा. आठवड्याभरात गोठायला लागेल. मंगळवारी ती संध्याकाळपर्यंत शाळेत असते. तुम्ही हो म्हणालात तर मी आरीला घेऊन जाईन आणि ते काढून आणीन. तिला नंतर सांगेन, किंवा सांगणार नाही. आईंना तुम्ही शब्द दिला आहे. तो माझ्यामुळे मोडू नये.

लवकर कळवा. विश्वासभाऊंना म्हणावं, अंगठा बाजूला ठेवा.

धम्मदीपा


कामठी
७ डिसेंबर २०२१

धम्मदीपा,

खणू नकोस. निशू शाळेत असताना तर मुळीच नको. खेळाडू जागा धरून उभा असताना पंचानेही त्याला हात लावायचा नसतो.

पुढचं सवडीने लिहितो.

बाबा


कामठी
२३ जानेवारी २०२२

प्रिय धम्मदीपा,

जय भीम.

पुण्यानुमोदन केलं. भन्तेजी आले, विश्वासच्या घरचे आले, माझे जुने दोन विद्यार्थी आले. दोघांचे फोटो एकाच टेबलावर ठेवले. तुला फोन लावला नाही. पुन्हा चित्र अडकलं असतं तर मला सोसवलं नसतं. माफ कर.

मडकं मी पिंपळाजवळ ठेवलं. खड्डा दोघांचा होता. ती एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी. माती ओढताना विश्वास म्हणाला, "मधोमध सरकवू का मास्तर?" मी नको म्हटलं.

नंतर अवकाळी पाऊस झाला. तिच्या बाजूची माती तशीच आहे. मोकळ्या बाजूची खाली बसली. वीतभर खोल खळगा पडला आहे. विश्वास टोपलीभर माती घेऊन आला होता. त्याला परत पाठवलं. सकाळी त्यात पाणी साचलेलं असतं. चिमण्या येतात.

निशूला माझं एक सांग. तिचं बरोबर आहे. तिच्या बापाला पळता येत नव्हतं. झेंडा मात्र वेळेवर जायचा.

तू विचारलंस, तिला कोणी सांगितलं. मला माहीत नाही. सुमितने सांगितलं असेल, असं मी लिहू शकतो. लिहीत नाही.

काल सकाळी चहा ठेवला. आधण आलं. आईने "आला का" असं विचारलं नाही. मी गॅस बारीक केला, थांबलो. मागचं दार उघडंच होतं. पाणी आटून भांडं करपायला आलं, तरी तिने विचारलं नाही.

मग मीच सांगितलं.

बाबा